दोन धडांची सांगड: कॅटामरान आणि ट्रायमरान कोणी घडवल्या?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: गेटवेहून मांडव्याला कॅटामरानने जाताना मित्राशी वाद झाला. तो म्हणतो, कॅटामरान हा तमिळ शब्द, म्हणजे शोध आपलाच. तुम्ही वाचलंय की १८७६ साली हेरेशॉफ नावाच्या अमेरिकन माणसाने पहिली कॅटामरान बांधली. यातलं खरं काय? तीन धडांची ट्रायमरान कुठून आली? आणि कोकणातल्या उलांडीच्या, म्हणजे बाजूला तरंगता ओंडका जोडलेल्या, होडीचा या सगळ्याशी काही संबंध आहे का?

तुम्हा दोघांचंही थोडं थोडं बरोबर आहे. मी तीस वर्षं बोटी बांधतोय आणि त्याहून जास्त दुरुस्त करतोय, त्यामुळे उत्तर जरा लांबेल. (‘धड’ म्हणजे बोटीचं पाण्यात तरंगणारं अंग, यार्डात आम्ही त्याला हलच म्हणतो.)

आधी शब्द. तमिळमध्ये ‘कट्टु’ म्हणजे बांधणं आणि ‘मरम’ म्हणजे लाकूड, झाड. कोरोमंडल किनाऱ्यावरचे कोळी हलक्या लाकडाचे तीन-चार ओंडके एकत्र बांधून त्यावर बसून लाटा फोडत समुद्रात जात. ओंडक्यांच्या फटींतून पाणी वर येतं आणि खाली जातं, त्यामुळे ही ‘बोट’ बुडूच शकत नाही. विल्यम डॅम्पियर या इंग्रज दर्यावर्दीने सतराव्या शतकाच्या शेवटी तिचं वर्णन लिहिलं आणि शब्द इंग्रजीत गेला. पण त्या कट्टुमरमला दोन धडं नव्हती. तो तराफा होता. एकोणिसाव्या शतकात अमेरिकेत हाच शब्द दोन धडांच्या शिडाच्या बोटीला चिकटला. म्हणजे नाव तमिळ आणि वस्तू दुसरीच, असा हा प्रकार. तुमच्या मित्राने शब्दाची पैज लावली असेल तर तो जिंकला. वस्तूची लावली असेल तर हरला.

खरं तर दोन धडांच्या बोटीला मराठीत जुना शब्द आहे, तो म्हणजे सांगड. आज आपण ‘विचार आणि कृतीची सांगड घालतो’, पण सांगड म्हणजे मुळात दोन होड्या किंवा डोण्या शेजारी शेजारी बांधून केलेलं तरायचं साधन. मल्याळममध्ये चंगाडम आहे. आणि पहिल्या शतकातल्या एका ग्रीक व्यापाऱ्याने लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या प्रवासवर्णनात पूर्व किनाऱ्यावरच्या बंदरांत ‘संगारा’ नावाची, ओंडके एकमेकांना बांधून केलेली मोठी गलबतं दिसल्याची नोंद आहे. अभ्यासकांनी तो शब्द याच कुळातला मानलाय. मला तरी कट्टुमरमपेक्षा सांगड हा शब्द जास्त पटतो, कारण या बोटींचा सगळा इतिहास सांगडीचाच आहे. दोन धडं कोणीही बनवील. ती एकमेकांना जोडायची कशी, हा खरा प्रश्न. ज्याला तो सुटला त्याची बोट घरी आली, ज्याला सुटला नाही त्याची मोडली.

हे मी पुस्तकात वाचून सांगत नाही. पंचविशीत असताना मी दोन जुन्या फायबरच्या होड्या घेतल्या, त्यांच्यावर लोखंडी पाइप आडवे टाकले, बोल्ट आवळले आणि वर एक शीड चढवलं. जोडणी जितकी घट्ट तितकी मजबूत, असं माझं गणित. मांडवीच्या तोंडाशी भरतीच्या उलट्या लाटांत दहा मिनिटं गेली असतील. एक होडी लाटेवर चढते तेव्हा दुसरी खाली उतरत असते. पाइप वाकला नाही, बोल्ट तुटला नाही, पण बोल्टाभोवतीचं फायबर पोस्टाच्या तिकिटासारखं फाटत गेलं. शेवटी एका होडीवर बसून दुसरी ओढत आणली. धडं स्वतंत्रपणे नाचायला बघतात आणि जोडणी त्यांना नाचू देत नाही, हे भांडण या बोटींच्या जन्मापासूनचं आहे.

ते भांडण सर्वांत आधी सोडवलं पॅसिफिकमधल्या लोकांनी, आणि तेही धातूशिवाय. आग्नेय आशियातून निघालेले ऑस्ट्रोनेशियन भाषा बोलणारे लोक पूर्वेला हवाई आणि ईस्टर बेटापर्यंत, पश्चिमेला मादागास्करपर्यंत पोचले ते अशाच बोटींतून. हवाईची ‘वाआ काउलुआ’, टोंगाची ‘टोंगियाकी’, ताहितीची ‘पाही’, फिजीची ‘द्रुआ’ या सगळ्या जोडबोटी. द्रुआ तर शंभर फुटांच्याही वर जाई. आडवे वासे आणि धडं नारळाच्या काथ्याच्या दोरीने बांधलेली. दोरी थोडी ताणते, थोडी सैल होते, म्हणजे धडांना थोडं नाचू देते. दर काही दिवसांनी ती परत आवळायची. बस.

मारियाना बेटांतल्या लोकांची तऱ्हा आणखी वेगळी. त्यांची ‘प्रोआ’ म्हणजे एक मोठं धड आणि वाऱ्याकडच्या बाजूला एक लहान तरंगतं लाकूड. ते लाकूड कायम वाऱ्याकडेच राहायला हवं, म्हणून दिशा बदलताना बोट वळवायचीच नाही. शीड एका टोकाहून दुसऱ्या टोकाला न्यायचं आणि मागचं टोक पुढचं करायचं. १७४२ मध्ये इंग्रज कमोडोर अ‍ॅन्सन याचं जहाज तिनियन बेटावर थांबलं तेव्हा त्याच्या एका अधिकाऱ्याने अशा प्रोआचं मोजमापासकट चित्र काढलं. ताशी वीस मैलांच्या आसपास वेग असावा असा त्यांचा अंदाज होता. हे ऐकून युरोपात कौतुक पुष्कळ झालं, पण त्यातून नवी बोटबांधणी काही उभी राहिली नाही.

त्याच्या ऐंशी वर्षं आधी डब्लिनमध्ये एका माणसाने जोडबोट बांधून पाहिलीच होती. सर विल्यम पेटी. अर्थशास्त्र शिकलेल्यांना हे नाव ओळखीचं असेल, राष्ट्रीय उत्पन्न मोजायचा प्रयत्न करणारा तोच पेटी. पेशाने डॉक्टर, शिवाय आयर्लंडची जमीनमोजणी त्यानेच केली. १६६२ मध्ये त्याने दोन नळकांड्यांवर फळी टाकून पहिली बोट केली, पुढच्या वर्षी तीस टनांची मोठी केली, आणि ती डब्लिन ते हॉलीहेड अशा शर्यतीत टपालबोटीला हरवून आली. लंडनला मात्र थट्टाच झाली. सॅम्युअल पीप्सच्या रोजनिशीत फेब्रुवारी १६६४ ची नोंद आहे की राजा दुसरा चार्ल्स तासभर पेटीच्या बोटीवरून त्याची खिल्ली उडवत बसला होता. तरीही त्याच वर्षअखेरीस तिसऱ्या बोटीच्या जलावतरणाला हाच राजा हजर होता. बोटीचं नाव ‘एक्सपेरिमेंट’. पोर्तुगालची एक फेरी करून परत येताना ती वादळात माणसांसकट नाहीशी झाली. पेटीने १६८४ मध्ये, साठी ओलांडल्यावर, पुन्हा एक बांधली. ती चाचणीतच फसली.

पेटीची चूक काय होती? कल्पना नाही, साहित्य. ओक लाकूड आणि खिळे. जोडबोटीला नुसती ताकद चालत नाही, हलकेपणा लागतो. एका धडाची शिडाची बोट उभी राहते ती तळाशी लादलेल्या शिशाच्या किंवा लोखंडाच्या वजनामुळे. वजनाचा तिसरा हिस्सा किंवा त्याहून जास्त निव्वळ तोल सांभाळायला वाहायचा. जोडबोट उभी राहते ती रुंदीमुळे. ते शिसं वाचतं आणि धडं बारीक करता येतात. रुंद धड पाण्यात जोरात गेलं की स्वतःच्याच लाटेच्या खड्ड्यात अडकतं. नऊ मीटरच्या साध्या बोटीला सात-सव्वासात नॉटच्या (ताशी सागरी मैलांच्या) पुढे जाणं जड होतं ते म्हणून. लांबी रुंदीच्या दहापट वगैरे असलेलं धड लाटच एवढी कमी उठवतं की तो खड्डा तिला फारसा लागत नाही. पण हे सगळं बोट हलकी असेल तर. ओकची जोडबोट म्हणजे दोन बोटींचं वजन आणि एका बोटीचं शीड.

मधल्या काळातल्या वाफेच्या जोडबोटींवर मी फार वेळ घालवत नाही. स्कॉटलंडच्या पॅट्रिक मिलरने १७८०च्या दशकात दोन आणि तीन धडांच्या बोटींना हाताने फिरवायची चाकं लावून पाहिली, मग १७८८ मध्ये सिमिंग्टनच्या इंजिनाची एक जोडबोट आपल्या तळ्यात चालवली. रॉबर्ट फुल्टनने १८१४ मध्ये अमेरिकेसाठी दोन धडांची वाफेची युद्धनौका केली, चाक मधल्या फटीत, म्हणजे तोफगोळ्यापासून सुरक्षित. १८७४ ची ‘कॅस्टेलिया’ इंग्लिश खाडीत प्रवाशांना बोट लागू नये म्हणून बांधली होती. कमी हलली असेल, पण चालीला इतकी मंद की धंदा जमला नाही.

आता तुमचे हेरेशॉफ. नॅथनिएल हेरेशॉफ, र्‍होड आयलंडमधल्या ब्रिस्टलचा, वय २८. १८७६, अमेरिकेच्या स्वातंत्र्याची शंभरी, न्यूयॉर्कला मोठी शर्यत. हा ‘अ‍ॅमॅरिलिस’ नावाची पंचवीसेक फुटांची जोडबोट घेऊन आला आणि नावाजलेल्या बोटींना मागे टाकून गेला. हरलेल्यांनी तक्रार केली आणि बक्षीस गेलं. पुढच्या वर्षी त्याने पेटंट घेतलं, आणि त्या पेटंटचा गाभाच सांगड आहे. दोन्ही धडांना जोडणारे वासे त्याने थेट ठोकले नाहीत. सांध्यांत चेंडू-खोबणीसारखी फिरती जोडणी ठेवली, म्हणजे प्रत्येक धड आपापल्या लाटेवर नाक वरखाली करू शकेल आणि मधला बसायचा भाग शांत राहील. काथ्याने जे पॉलिनेशियनांनी साधलं तेच याने लोखंडात केलं. आज ते अनावश्यक किचकट वाटतं, पण त्याच्या हाती असलेल्या साहित्यात मला यापेक्षा शहाणं उत्तर सुचत नाही. त्याने अशा आणखी काही बोटी विकल्या, मग शर्यतींची दारं बंदच आहेत हे पाहून एका धडाच्या बोटींकडे वळला आणि १८९३ पासून १९२० पर्यंत ज्या ज्या बोटींनी अमेरिका कप हा शिडाच्या बोटींचा मानाचा चषक राखला त्या सगळ्या त्याच्याच. क्लबांनी जोडबोटीला शर्यतीबाहेर ठेवलं आणि ती पुढची सत्तर वर्षं जवळजवळ हौशी लोकांपुरती उरली. तुम्ही वाचलेल्या ‘पहिल्या’ला म्हणूनच एक पुस्ती जोडा: पश्चिमेत शर्यत जिंकून गाजलेली पहिली आधुनिक जोडबोट, एवढं त्याचं श्रेय नक्की.

मधे एक वेडा फ्रेंच माणूस येतो, एरिक द बिशॉप. त्याने होनोलुलूमध्ये ‘कैमिलोआ’ नावाची जोडबोट बांधली आणि १९३७ च्या मार्चमध्ये निघून केप ऑफ गुड होपला वळसा घालत १९३८ च्या मे महिन्यात फ्रान्सच्या कान बंदराला पोचला. सोबत एकच माणूस. त्याच्यावरची टीका ऐकायची तर खूप आहे, पण पुढच्या पिढीतल्या ज्या दोन-तीन डिझायनरांनी खरं काम केलं त्यांची डोकी त्याच्या या सफरीनेच फिरवली.

आणि मग दुसरं महायुद्ध. जोडबोटींच्या इतिहासात कोणत्याही एका डिझायनरपेक्षा मी जास्त श्रेय देईन ते विमानांच्या कारखान्यांना. लाकडी विमानांसाठी तयार झालेला पाण्याला न जुमानणारा गोंद, मरीन प्लाय, मग काचतंतू आणि रेझिन, अ‍ॅल्युमिनियमची डोलकाठी, टेरिलीनचं शीड. पेटीकडे जे नव्हतं ते सगळं १९४५ नंतर दुकानात मिळू लागलं.

वुडी ब्राउन याचं चपखल उदाहरण. ग्लायडर उडवणारा, लाटांवर फळी चालवणारा माणूस. युद्धात ख्रिसमस बेटावर सर्व्हेचं काम करताना तिथल्या लोकांची जोडबोट पाहिली आणि वेडावला. हवाईला परतून आल्फ्रेड कुमालाएला सोबत घेऊन १९४७ मध्ये त्याने ‘मनू काई’ बांधली, म्हणजे समुद्रपक्षी. विमानाच्या पंखासारखी हलकी चौकट, वर पातळ प्लाय. दोन्ही धडं मुद्दाम विषम: बाहेरची बाजू सपाट, आतली फुगीर. वाऱ्यापलीकडचं धड पाण्यात दाबलं गेलं की तो फुगीरपणा बोटीला वाऱ्याकडे खेचतो, म्हणून खाली फळी घालायला नको आणि बोट थेट वाळूवर चढवता येते. वायकीकीच्या किनाऱ्यावर पर्यटकांना फिरवायला हे फार सोयीचं.

त्यांच्यातच वावरणाऱ्या रूडी चॉयने हे मोठ्या समुद्रावर नेलं. कॅलिफोर्निया ते हवाई अशी जी ट्रान्सपॅक शर्यत होते तिथे जोडबोटीला प्रवेश नव्हता. १९५७ मध्ये त्याची ४६ फुटी ‘आइकाने’ अनधिकृतपणे सोबत निघाली आणि पहिल्या आलेल्या बोटीच्या एक दिवसाहून जास्त आधी होनोलुलूत हजर झाली. ‘आइकाने’ म्हणजे मित्र. मला वाटतं, आयोजकांना ते नाव थोडं टोचलं असणार. हाच विषम धडांचा विचार पुढे होबी आल्टरने उचलला. तो सर्फबोर्ड बनवणारा होता. त्याची ‘होबी १६’ आज जगभरच्या किनाऱ्यांवर दिसते. रंगीत शिडाची, दोघांची, केळीसारख्या वाकड्या धडांची जी बोट तुम्हाला माहीत आहे, ती तीच.

त्याच सुमाराला इंग्लंडमध्ये एसेक्सच्या कॅन्व्ही बेटावर रोलंड आणि फ्रान्सिस प्राउट हे दोघे भाऊ घड्या होणाऱ्या होड्या बनवत. दोघेही ऑलिंपिकमधले कयाकपटू. त्यांनी आपले दोन कयाक बांबूने जोडले आणि शीड लावलं. माझ्याच प्रयोगासारखं वाटतं ना? फरक एवढाच की ते तिथे थांबले नाहीत. १९५०च्या दशकाच्या मध्यावर त्यातून ‘शिअरवॉटर’ निघाली, गोलसर तळाची, साच्यावर वाकवलेल्या लाकडी पापुद्र्यांची, सोळा-साडेसोळा फुटांची. जगातली बहुधा पहिलीच जोडबोट जी शेकड्यांनी विकली गेली. शर्यतीत धावायला शिकवलं ते प्राउटांनी. त्या धाग्याचं टोक म्हणजे रॉडनी मार्चची ‘टोर्नेडो’, जी १९७६ ते २००८ ऑलिंपिकमध्ये होती. हेरेशॉफच्या बोटीचं बक्षीस काढून घेतल्याला १९७६ मध्ये बरोबर शंभर वर्षं झाली होती.

जेम्स वॉरम मात्र शर्यतवाला नव्हता. मँचेस्टरचा, खिशात पैसे नाहीत, डोक्यात पॉलिनेशिया. १९५४ मध्ये त्याने ‘तांगारोआ’ नावाची साडेतेवीस फुटी बोट बांधली. चौकोनी प्लायची खोकी, बघणारे हसत. युट्टा आणि रूथ या दोन जर्मन मैत्रिणींसह तो १९५५-५६ च्या हिवाळ्यात अटलांटिक ओलांडून त्रिनिदादला पोचला. तिथे किनाऱ्यावर चाळीस फुटी ‘रोंगो’ बांधली, इंग्रजी व्ही अक्षरासारख्या तळाची; मदतीला होता बर्नार्ड मोइतेसिए हा फ्रेंच खलाशी. १९५९ मध्ये रोंगो न्यूयॉर्कहून उत्तर अटलांटिक ओलांडून ब्रिटिश बेटांना लागली. पश्चिमेहून पूर्वेकडे असं जाणारी ती पहिली जोडबोट. पुढे वॉरमने आपल्या बोटींमधले बोल्ट काढून टाकले आणि वासे दोरीने बांधले. मी अशा एका बोटीवर काम केलंय. पहिल्या दिवशी करकर ऐकून झोप लागेना. मालक म्हणाला, आवाज येतोय म्हणजे ती जिवंत आहे, आवाज थांबला तर उठ. त्याच्या कागदी नकाशांवरून घरोघरी लोकांनी हजारो बोटी बांधल्या. त्याच्या बोटी वाऱ्याच्या तोंडावर चढायला आळशी आहेत आणि आत उभं राहायला जागा नाही, हे मी तोंडावर सांगतो. पण तुटून बुडालेली वॉरम शोधायला कष्ट पडतील.

आता तिसरं धड. दोन बाजूंना दोन तरंगती लाकडं असलेल्या होड्या इंडोनेशिया आणि फिलिपिन्समध्ये शतकानुशतकं आहेत. फिलिपिन्समध्ये त्यांना ‘बांका’ म्हणतात. कल्पना नवी नव्हतीच. ‘ट्रायमरान’ हा शब्द मात्र नवा. तो घडवण्याचं श्रेय व्हिक्टर चेचेट या कीव्हहून अमेरिकेत आलेल्या चित्रकाराला दिलं जातं. १९४०च्या दशकात तो लाँग आयलंडजवळ तीन धडांच्या छोट्या बोटी बांधून फिरवत असे. तमिळ ‘मरम’ला लॅटिन ‘त्रि’ जोडलेला, म्हणजे ‘तीन लाकूड’. भाषेच्या दृष्टीने धेडगुजरी, पण टिकला.

ट्रायमरान घराघरांत नेली कॅलिफोर्नियाच्या आर्थर पायव्हरने. छपाईच्या धंद्यातला माणूस, बोटीचं शिक्षण नाही, आत्मविश्वास अफाट. प्लाय, व्ही तळ, सरळ रेषा, कोणाही सुताराला जमेल अशी रचना. मधल्या धडात राहायचं, बाजूच्या दोन फ्लोट रिकाम्या, आणि तिघांना जोडणारा भाग म्हणजे पंखासारखी जाड, सलग पेटी. दोरी नाही, सांधा नाही, सगळं एकजीव. १९६० मध्ये ‘निंबल’ या तीस फुटी बोटीतून दोन सोबत्यांसह मॅसॅच्युसेट्सहून अझोर्स बेटांमार्गे इंग्लंडला गेला, पुढच्या वर्षी पस्तीस फुटी ‘लोडस्टार’मधून पॅसिफिकमध्ये. लोकांनी त्याचे नकाशे हातोहात घेतले.

गंमत अशी की पायव्हरच्या बोटी चांगल्या होत्या की वाईट, हे ती कोणी बांधली यावर ठरे. त्याने सांगितल्याप्रमाणे हलकी बांधली तर चाले. पण माणूस घर बांधायला निघाला की थांबत नाही: आणखी एक कपाट, आणखी एक पाण्याची टाकी, जाड प्लाय ‘मजबुतीसाठी’. फ्लोट पाण्यात बसत, लाटा पंखाच्या पोटावर आपटत, सांधे उघडत. १९६८ च्या गोल्डन ग्लोब या जगप्रदक्षिणेच्या शर्यतीत पायव्हरच्याच ‘व्हिक्ट्रेस’ घराण्यातल्या दोन बोटी होत्या. नायजेल टेटलीने आपली बोट इतकी लांब नेली की ती स्वतःचीच जातानाची वाट ओलांडून आली, म्हणजे तीन धडांवर पृथ्वीप्रदक्षिणा झाली. आणि मग १९६९ च्या मे महिन्यात घर हजारेक मैलांवर असताना एका फ्लोटचा पुढचा भाग तुटला, मधल्या धडाला भोक पडलं आणि बोट बुडाली. टेटली वाचला. तो बोटीला इतकं का हाकत होता? मागून डोनाल्ड क्रोहर्स्ट वेगाने येतोय असं त्याला रेडिओवरून कळत होतं. क्रोहर्स्ट कधी अटलांटिकबाहेर गेलाच नव्हता. खोट्या जागा कळवत होता. त्याची ट्रायमरान जुलैमध्ये रिकामी सापडली. पायव्हर हे बघायला नव्हता. तो त्याआधीच, १९६८ च्या मार्चमध्ये, अटलांटिक शर्यतीच्या पात्रतेसाठी एकट्याने निघाला आणि परतला नाही. ऑस्ट्रेलियाचा हेडली निकोल हा ट्रायमरानचा दुसरा डिझायनर दोन वर्षं आधी असाच समुद्रात गेला होता. या धंद्यात डिझायनर आपलीच बोट घेऊन निघतो. पुलाखाली उभं राहणाऱ्या इंजिनिअरची गोष्ट सांगतात ना, तसं.

या अपघातांनी ट्रायमरानचं नाव फार खराब केलं. उलटलेली एका धडाची बोट शिशाच्या वजनाने सरळ होते. उलटलेली जोडबोट किंवा ट्रायमरान उलटीच सुखाने तरंगते. टीकाकार हेच सांगत. पण साधा हिशेब आहे: मोजमाप दुप्पट केलं की वाऱ्याचा उलटवायचा जोर आठपट होतो आणि बोटीचा सावरायचा जोर सोळापट. बोट मोठी करा, बरीचशी भीती कमी होते. आणि मोठी बोट हलकी ठेवायची युक्ती आली फोममधून. इंग्लंडच्या डेरेक केल्सॉलने दोन काचतंतूंच्या पापुद्र्यांमध्ये कडक फोम घालून ४२ फुटी ‘टोरिया’ बांधली आणि तिने १९६६ ची ब्रिटनप्रदक्षिणेची शर्यत जिंकली. ती पाहून फ्रान्सच्या एरिक तबार्लीने अ‍ॅल्युमिनियमची ‘पेन डुइक ४’ करून घेतली, डिझायनर आंद्रे आलेग्र. तिचे वासे म्हणजे उघड्या नळ्यांची कैची, विजेच्या खांबासारखी. पायव्हरची पेटी गेली, लाटेला आपटायला पोटच उरलं नाही. याच बोटीने १९७२ मध्ये आलां कोला एकट्याने अटलांटिक शर्यत जिंकला. पुढे ‘मानुरेव्हा’ या नावाने तिने त्याच्याबरोबर जगप्रदक्षिणा केली, आणि १९७८ मध्ये ती आणि कोला दोघेही नाहीसे झाले.

माझा स्वतःचा आवडता माणूस डिक न्यूविक. न्यू जर्सीचा, पण घडला कॅरिबियनमधल्या सेंट क्रॉइक्स बेटावर, पर्यटकांना फिरवत. त्याच्या ट्रायमरानचे वासे आणि धड वेगळे दिसतच नाहीत; पक्ष्याचा पंख अंगातून निघावा तसे ते मधल्या धडातून वळत बाहेर येतात. म्हणजे सांगडीचा प्रश्न त्याने असा सोडवला की सांधाच ठेवला नाही. ताण एका जागी साचत नाही, पसरतो. तो म्हणे की वेग, आराम आणि स्वस्ताई यांपैकी दोनच मिळतील, निवडा. येणाऱ्या प्रत्येक गिऱ्हाइकाला मी हेच ऐकवतो आणि प्रत्येक गिऱ्हाइकाला तिन्ही हवी असतात.

त्याची १९६८ ची ‘चिअर्स’ तर प्रोआच होती, चाळीस फुटी. एकट्याने करायच्या अटलांटिक शर्यतीच्या आयोजकांनी तिला आधी धोकादायक म्हणून नाकारलं. मग टॉम फॉलेट ती अटलांटिक ओलांडून शर्यतीच्या सुरुवातीला इंग्लंडलाच घेऊन गेला, आणि शर्यतीत तिसरा आला. अ‍ॅन्सनच्या माणसाने चित्र काढल्यावर सव्वादोनशे वर्षांनी! १९८० मध्ये न्यूविकच्याच ‘मॉक्सी’तून फिल वेल्ड हा ६५ वर्षांचा वर्तमानपत्रवाला तीच शर्यत जिंकला, अठरा दिवसांच्या आत. पण लोकांची मनं फिरली ती त्याआधी, १९७८ च्या पहिल्या ‘रूट द्यू रम’ शर्यतीत. फ्रान्स ते ग्वादेलूप, तेवीस दिवस, आणि वॉल्टर ग्रीनने काढलेल्या चिमुकल्या पिवळ्या ‘ऑलिंपस फोटो’ ट्रायमरानमधून माइक बर्चने मिशेल मालिनोव्स्कीच्या लांबलचक एकधडी बोटीला ९८ सेकंदांनी हरवलं. अठ्ठ्याण्णव सेकंद. त्यानंतर मोठ्या समुद्रशर्यतींत सर्वांत आधी कोण पोचणार, हा वाद उरला नाही.

राहिली तुमची उलांडी. मालवण-गोव्याकडच्या होडीला एका बाजूला दोन वाकडे वासे आणि त्यांच्या टोकाला पांगाऱ्यासारख्या हलक्या लाकडाचा ओंडका असतो, ती उलांडी. ही कॅटामरान नव्हे, ट्रायमरानही नव्हे. प्रोआची सोपी, किनाऱ्यापुरती चुलत बहीण म्हणा. ती आपल्याकडे आली ती याच पूर्वेकडच्या दर्यावर्दींच्या संपर्कातून, असं बहुतेक अभ्यासकांचं मत आहे. पुढच्या वेळी किनाऱ्यावर अशी होडी दिसली तर वासा होडीला कसा जोडलाय ते वाकून बघा. आता काथ्या गेला, नायलॉनची दोरी आली. पण बोल्ट दिसणार नाही. मी एका म्हाताऱ्या तांडेलाला विचारलं होतं, एक बोल्ट मारून टाका ना, रोज रोज आवळायची कटकट जाईल. त्याने माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘‘तू बोटी बांधतस ना?’’